फुंकर येण्याआधीची पापणी

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमधली एक चाचणी, गरोदरपणी आईने घेतलेल्या दारूचा मुलाच्या मेंदूवर काय परिणाम होतो हे बघणारी. पाच वर्षांचं मूल खुर्चीत बसून व्हिडिओ बघतंय. डोक्यावर हलकंसं टोपरं आणि त्यातून डोळ्यापाशी आलेली बारीक नळी. कानात एक सूर वाजतो आणि तो संपता संपता नळीतून डोळ्यावर हवेची फुंकर येते. पापणी मिटते. सूर, फुंकर, पुन्हा सूर, पुन्हा फुंकर. असं बऱ्याचदा झालं की मूल नकळत शहाणं होतं आणि सूर ऐकताच, फुंकर यायच्या आधीच, पापणी मिटून घेतं. याला भाषा लागत नाही, घरी कुणी अभ्यास घेतलेला असावा लागत नाही. लागतो तो धडधाकट ‘लहान मेंदू’, म्हणजे मेंदूचा मागचा, खालचा भाग (सेरेबेलम).

2008 साली या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. ज्यांच्या आया गरोदरपणी दारू प्यायल्या नव्हत्या किंवा अगदी नाममात्र प्यायल्या होत्या, त्यांच्यापैकी 75 टक्के मुलांना हे जमलं. ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असलेल्या, म्हणजे पोटात असताना पोचलेल्या दारूचा पुरता फटका बसलेल्या मुलांपैकी एकालाही नाही. एकालाही! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

हा अभ्यास तिथेच का झाला, याचं उत्तर तिथल्या द्राक्षमळ्यांत आहे. केप टाउन ज्यात येतं त्या वेस्टर्न केप प्रांतातले मळेवाले मजुरीचा काही भाग पैशाऐवजी वाईनमध्ये चुकवत. या रिवाजाला ‘डॉप’ म्हणतात. कायद्याने तो बंद झाला, पण पिढ्यान्‌पिढ्या लागलेली सवय कायद्याने कशी सुटणार? तिथल्या काही वस्त्यांत शाळेत जाणाऱ्या दर हजार मुलांमागे शंभराहून जास्त मुलांत दारूचे परिणाम दिसले आहेत.

आईने घेतलेली दारू वारेतून सरळ बाळाच्या रक्तात उतरते. बाळाचं यकृत कच्चं असल्याने तिचा नीट निचरा होत नाही, शिवाय काही दारू गर्भजलात साठून राहते. मेंदूच्या पेशी तयार होणं, त्यांनी आपापल्या जागी सरकणं, एकमेकींशी जोडलं जाणं हे सगळं नऊ महिने चालू असतं. नुसता चेहरा बघून मात्र फसायला होतं. बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाक आणि ओठ यांमधली सपाट झालेली पन्हळ या खुणा उमटतात त्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत पोचलेल्या दारूमुळे, म्हणजे बऱ्याचदा आईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. पुढच्या महिन्यांतल्या दारूने मेंदूला इजा होते, चेहरा तसाच राहतो. अशा मुलाला मग ‘लक्षच देत नाही’ असं म्हणून मोकळे होतात सगळे.

स्मरणशक्ती जाते म्हणजे नेमकं काय होतं? अमेरिकेत सॅन डिएगोच्या संशोधकांनी मुलांना 15 वस्तूंची बाजाराची यादी पाच वेळा वाचून दाखवली. आपल्याकडे असती तर केळी, भोवरा, चप्पल अशी काहीतरी. दारूचा परिणाम झालेल्या मुलांना दर फेरीला कमी शब्द आठवले आणि यादीत नसलेले शब्दही मध्येच घुसले. पण वीस मिनिटांनी पुन्हा विचारलं, तर जेवढे शब्द शिकले होते त्यातले साधारण इतर मुलांइतक्याच प्रमाणात टिकून होते. म्हणजे घागर गळत नव्हती, ती भरतानाच पाणी कमी पडत होतं. चित्रं आणि आकृत्यांच्या बाबतीत मात्र गळतीही दिसली. आणि गणित! सिएटलमध्ये 1970च्या दशकात सुरू झालेल्या आणि मुलं मोठी होईपर्यंत चाललेल्या पाहणीत अंकगणितातली अडचण सातत्याने पुढे आली.

किती दारू चालते, हा प्रश्न येतोच. गरोदरपणात सुरक्षित असं कुठलंच प्रमाण ठरवता आलेलं नाही. एका बैठकीत भरपूर पिणं सगळ्यात वाईट, हे मात्र स्पष्ट आहे. पण एकट्या आईला धारेवर धरणाऱ्यांनी एकदा त्या मळ्यातला पगाराचा दिवस आठवावा.

पाणी कमी पडतं ते भरताना, हे एकदा समजलं की शिकवण्याची रीत बदलता येते. एका वेळी एकच सूचना, तीच पुन्हा पुन्हा, शक्य तिथे हातात वस्तू देऊन. वेस्टर्न केपमध्येच अशा मुलांना नऊ महिने वेगळं बसवून अक्षरांचे आवाज आणि शब्दांची फोड शिकवली गेली. वर्गातल्या एकूण प्रगतीत फारसा फरक पडला नाही, पण वाचन आणि शब्दलेखन सुधारलं.