मोटारबोटीतील विद्युत् यंत्रणा

मोटारबोटीतील विद्युत् यंत्रणा : एंजिन सुरू करणे आणि दिवे, भोंगा व उपसा पंप चालविणे यांसाठी बोटीवरच असलेली, बहुधा १२ व्होल्ट एकदिश दाबाची (डीसी व्होल्टेजची) मांडणी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात कारवारची खाडी व समुद्र सोडल्यास बोट घालण्याजोगे मोठे पाणी सारे गोडे आहे : हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवरचा हिडकल जलाशय, सौंदत्तीजवळ मलप्रभेवरचे नवीलुतीर्थ, आणि चिकोडी-अथणीकडची कृष्णा. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात या पट्ट्यात बचावासाठी बोटी उतरवाव्या लागल्या होत्या.

बोटीवर वीज प्रथम कोणी आणली याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक मोरिट्स याकोबी याने १८३८ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर चालविलेल्या बोटीला हा मान देतात. तिच्यातील प्राथमिक घट संपले की पुन्हा भरता येत नसत. इतर काही जण ग्यूस्ताव्ह त्रूव्हे याने १८८१ मध्ये पॅरिसला सेन नदीवर चालविलेली बोट पुढे करतात. त्याची मोटर सुकाणूवर बसविलेली व काढता येण्याजोगी असल्याने तिला आउटबोर्ड एंजिनाची आजीही म्हटले जाते. पण या दोन्हींत वीज बोट ढकलण्यासाठी होती. एंजिनाने बॅटरी भरायची आणि बॅटरीने एंजिन उठवायचे हे आजचे चक्र निराळे आहे. प्लांते याचा शिशाचा संचायक (पुन्हा भरता येणारी बॅटरी, १८५९) आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीतील केटरिंगचा विद्युत् स्टार्टर या वाटेने, म्हणजे मोटारगाडीकडून, ते बोटीत आले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सीमाभागात ट्रॅक्टरचा वायरमन बोटीची वायरिंग पाहू शकतो तो याच नात्यामुळे. मात्र ट्रॅक्टरवर चालून जाणारा काळ्या टेपचा जोड बोटीच्या तळातल्या ओलीत टिकत नाही. तेथे कल्हईच्या तांब्याची बहुतारी वायर आणि दाबून बसविलेले टर्मिनल लागते.

मध्यम बोटीत दोन बॅटऱ्या असतात, एक स्टार्टरसाठी व दुसरी दिवे-पंपांसाठी. निवड-स्विचने त्या वेगळ्या ठेवतात. एंजिन चालू असताना हा स्विच ‘बंद’वर नेल्यास बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरला भार उरत नाही, दाब उसळतो आणि त्यातील डायोड जळतात. वितळतार (फ्यूज) उपकरणाजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवी, कारण ती वायरीला वाचविते, उपकरणाला नव्हे. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे ७ इंच (सु. १८ सेंमी.) दिले असून स्टार्टरच्या जाड केबलला त्यातून सूट आहे. उपसा पंपाची वायर मुख्य स्विच वगळून, स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडतात. कारण बोट धक्क्याला निजलेली व मुख्य स्विच बंद असतानाही तिच्यात पाणी भरते. ३ अँपिअर ओढणारा पंप १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर, ती निम्म्याखाली न नेता, जेमतेम १६ तास चालतो.

एंजिन बोटीच्या आत असेल तर पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साचते. म्हणून किल्ली फिरविण्यापूर्वी सु. ४ मिनिटे ती वाफ बाहेर फेकणारा पंखा (ब्लोअर) चालवितात. बॅटरी भरताना निघणारा हायड्रोजन उलट वर चढतो, तेव्हा बॅटरीच्या पेटीला वरून वाट हवी.

बोटींची बहुतेक हस्तपुस्तके समुद्र समोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यांतील गंजाची प्रकरणे हिडकलला निम्म्याने लागू पडतात. गोड्या पाण्यात जस्ताच्या बळी-धनाग्राऐवजी (बोटीच्या धातूऐवजी स्वतः गंजणाऱ्या तुकड्याऐवजी) मॅग्नेशियमचे वापरतात, एवढा फरक पुरेसा आहे. विजेच्या धक्क्याबाबत मात्र गोडे पाणीच अधिक घातक. खाऱ्या पाण्याची संवाहकता शरीरापेक्षा बरीच जास्त असल्याने प्रवाह माणसाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात शरीरच सोपी वाट ठरते. इन्व्हर्टर किंवा काठावरून ओढलेली २३० व्होल्टची वायर गळत असेल तर पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात आणि तो बुडतो. शवविच्छेदनात सहसा विजेची खूण सापडत नाही, घटना ‘बुडून मृत्यू’ म्हणूनच नोंदली जाते. १२ व्होल्टच्या यंत्रणेपासून हा धोका जवळजवळ नाही. २३० व्होल्ट बोटीवर घेतलेच तर ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडणारा आरसीसीबी स्विच लावतात, आणि वायर जोडलेली असताना कोणाला शेजारी पाण्यात उतरू देत नाहीत.

पुरासाठी राखलेल्या बोटींचे दुखणे निराळे. त्या वर्षातील बराच काळ गोदामात असतात आणि बॅटरी बसल्याबसल्या उतरते. काही तास विसावलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सु. १२.६ व्होल्ट भरतो, १२.० दिसल्यास ती पाव भागाच्या आसपास आली असे समजतात. तशीच महिनोन्‌महिने राहिली तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. अशी बॅटरी चार्जरवर भरल्यासारखी दिसते, पण स्टार्टरच्या पहिल्या ओढीला नुसते ‘टक्’ वाजते आणि काट्यावरचा दाब ९ च्या खाली कोसळतो.