जपानी उड्डाणशैलीची टॅग टीम कुस्ती, अमेरिकेतील

दोघादोघांच्या किंवा तिघातिघांच्या संघांनी लढायची, दोरांवरून आणि कोपऱ्यातल्या खांबांवरून घेतलेल्या झेपांवर आधारलेली जपानी व्यावसायिक कुस्तीची शैली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जपानी मल्लांचे संघ ती अमेरिकेतल्या प्रेक्षकांपुढे सादर करत आले आहेत. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो आणि प्रतिस्पर्धी एकमेकांना सांभाळून लढत उभी करतात. त्यामुळे या शैलीचे मोल कोण जिंकले यावर ठरत नाही. चार किंवा सहा माणसे वीस मिनिटे एकमेकांच्या वेळेला किती चोख बसतात, यावर ते ठरते. अमेरिकेत तिची चर्चा बहुधा ‘कोलांट्या’ या एका गोष्टीभोवती फिरत राहिली. तिचा खरा जीव मात्र संघाच्या रचनेत आहे, आणि तिथल्या प्रेक्षकांना तिने जिंकले तेही त्या रचनेच्याच बळावर.

शैलीचे एक मूळ मेक्सिकोत आहे. १९७० च्या दशकात मिल मास्करास या मुखवटाधारी मेक्सिकन मल्लाने जपानी प्रेक्षकांना हवेतल्या कुस्तीची गोडी लावली. त्याच दशकात ज्युदोची पार्श्वभूमी असलेला ठेंगणा मल्ल ग्रान हामादा मेक्सिकोत गेला आणि तिथली ‘लुचा लिब्रे’ ही कुस्तीची पद्धत आत्मसात करून नावारूपाला आला. सातोरू सायामाही मेक्सिको आणि इंग्लंडमध्ये लढून परतला. २३ एप्रिल १९८१ रोजी तोक्योत तो ‘टायगर मास्क’ म्हणून डायनामाइट किडविरुद्ध उतरला आणि कमी वजनाच्या मल्लांची कुस्ती जपानमध्ये मुख्य आकर्षण होऊ शकते हे सिद्ध झाले. हामादाने १९९० मध्ये जपानमध्ये लुचा पद्धतीची स्वतःची संस्था काढली. तिच्यात तयार झालेल्या ‘द ग्रेट सास्के’ने पुढे ईशान्य जपानातल्या मोरिओका शहरातून ‘मिचिनोकू प्रो’ ही संस्था चालवली. तोक्यो-ओसाकाच्या बाहेर, छोट्या गावांच्या व्यायामशाळांत फिरणारी ही मंडळी होती. रोज तेच सहा-आठ जण एकमेकांशी लढत असल्यामुळे त्यांच्यात असा ताळमेळ तयार झाला, की कोण कुठे उभा असेल हे पाहण्यासाठी मान वळवायचीही गरज उरली नाही.

या ताळमेळामागे नियमांचा मोठा हात आहे. अमेरिकन टॅग टीम कुस्तीत रिंगबाहेरच्या जोडीदाराला हाताची टाळी मिळाल्याशिवाय आत येता येत नाही. खो-खोत ‘खो’ मिळाल्याशिवाय बसलेला खेळाडू उठू शकत नाही, तसेच हे बंधन. त्यामुळे तिथल्या लढतीची गोष्टही ठरून गेली. एकाला कोपऱ्यात कोंडून बराच वेळ बदडायचे, त्याने सरपटत जोडीदारापर्यंत पोहोचायचे, आणि टाळी पडताच प्रेक्षकांनी उसळायचे. लुचा पद्धतीत रिंगमधला मल्ल दोरांखालून बाहेर गेला की त्याचा जोडीदार टाळीशिवाय आत येऊ शकतो. जपानी संघांनी ही मोकळीक पुरेपूर वापरली. एकाला बाहेर फेकले की दुसरा आत, त्याला फेकले की तिसरा, आणि बाहेर फेकलेल्यांच्या अंगावर वरून झेप. लढतीत थांबा असा येतच नाही. सहा जणांच्या लढतीत हा खेळ दोघांच्या लढतीपेक्षा किती तरी जास्त खुलतो, आणि अमेरिकेत गाजलेल्या लढती बहुतेक तिघातिघांच्या असण्याचे कारणही हेच.

झेप घेणाऱ्याकडे सगळ्यांचे डोळे असतात. जाणकार मात्र खाली उभ्या असलेल्याकडे पाहतो. दोरांमधून सूर मारणारा मल्ल रिंगबाहेर भिरभिरत येतो तेव्हा खालच्याने छातीच्या उंचीवर हात तयार ठेवायचे असतात, वजन अंगावर घेत मागे पडायचे असते, आणि हे करताना आपण बेसावध होतो असे दिसले पाहिजे. तो एक पाऊल मागे सरकला तर वरचा थेट फरशीवर आदळतो. ड्रॅगन किड या जेमतेम सव्वापाच फुटी मल्लाचा ‘ड्रॅगनराना’ हा डाव याचा उत्तम नमुना आहे. तो वरच्या दोरावरून पुढच्या बाजूला हवेत पूर्ण कोलांटी घेतो, उभ्या प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांवर मांड्या टेकवून बसतो आणि त्याच वेगात त्याला पायांच्या पकडीत उलटा करून चितपट करतो. खालच्याने अंतर अचूक धरले नाही, तर डाव होतच नाही. हे श्रेय निम्मे खालच्याचे आहे, आणि ते त्याला क्वचितच मिळते.

अमेरिकन दूरचित्रवाणीवर ही शैली ठसठशीतपणे आणली ती दोन स्त्रियांनी. नोरियो तातेनो आणि इत्सुकी यामाझाकी या ‘ऑल जपान विमेन्स’ संस्थेच्या मल्ल १९८७ मध्ये ‘जंपिंग बॉम्ब एंजल्स’ या नावाने डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकेतल्या बड्या कुस्ती कंपनीत आल्या. तिथली स्त्रियांची कुस्ती तेव्हा केस ओढणे आणि साध्या फेका यांतच अडकलेली होती. नोव्हेंबर १९८७ च्या ‘सर्व्हायव्हर सिरीज’मध्ये ओहायोतल्या रिचफील्ड येथे पाच-पाच जणींची बाद पद्धतीची लढत झाली. तिच्यात शेवटपर्यंत टिकल्या त्या याच दोघी. २४ जानेवारी १९८८ रोजी कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये झालेली पहिली ‘रॉयल रंबल’ अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. त्या रात्री जुडी मार्टिन आणि लेलानी काय या ‘ग्लॅमर गर्ल्स’ना तीनपैकी दोन फेऱ्यांच्या लढतीत हरवून त्यांनी महिला टॅग टीम विजेतेपद घेतले. ती लढत आज पाहिली तरी ताजी वाटते. दोघी एकाच वेळी झेपावतात, एक पडते तोवर दुसरी पुढचा डाव सुरू करते, आणि त्यांची नावे माहीत नसलेला प्रेक्षकसुद्धा दर मिनिटाला आणखी ओढला जातो. पण कंपनीला पुढे काय करायचे हे उमगले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये विजेतेपद ग्लॅमर गर्ल्सकडे परत गेले आणि १९८९ मध्ये ते बंदच करण्यात आले. डब्ल्यूडब्ल्यूईने महिला टॅग टीम विजेतेपद नव्याने सुरू केले ते २०१९ मध्ये. मधली तीस वर्षे हा रस्ता ओस पडून राहिला, हे या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान म्हणावे लागेल.

पुरुषांच्या बाबतीत मोठ्या कंपन्यांआधी प्रेक्षकच पुढे होते. १९९० च्या दशकात अमेरिकेतले कुस्तीवेडे जपानी लढतींच्या व्हीएचएस टेप टपालाने एकमेकांना पाठवत. नकलेची नक्कल होऊन चित्र पुसट झालेले असे, तरी १९९४ ची ‘सुपर जे-कप’ स्पर्धा आणि तिच्यातला सास्के त्यांना तोंडपाठ होता. १० ऑक्टोबर १९९६ रोजी तोक्योच्या र्‍योगोकू कोकुगिकानमध्ये मिचिनोकू प्रोने पाच-पाच जणांची जी लढत सादर केली, तिची कीर्तीही अशीच टेपांवरून पसरली.

फिलाडेल्फियाच्या ईसीडब्ल्यू या बंडखोर संस्थेने याचा फायदा घेतला. १३ एप्रिल १९९७ रोजी तिचा ‘बेअर्ली लीगल’ हा पहिला पे-पर-व्ह्यू (वेगळे पैसे भरून टीव्हीवर पाहायचा) कार्यक्रम एका जुन्या बिंगो हॉलमध्ये झाला. एकीकडे सास्के, ४६ वर्षांचा हामादा आणि मासातो याकुशिजी होते. दुसरीकडे ताका मिचिनोकू, डिक तोगो आणि टेरी बॉय. या दुसऱ्या तिघांना ‘ब्लू वर्ल्ड ऑर्डर’ या तिथल्या लोकप्रिय टोळीची जपानी शाखा म्हणून उभे केले होते. ही युक्ती साधी आणि फार हुशारीची होती, कारण टेप न पाहिलेल्यालाही कोणाकडे कसे पाहायचे हे लगेच कळले. रक्त, टेबले आणि शिव्या यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या हॉलमध्ये सहा परक्या मल्लांनी नुसत्या वेगावर लोकांना पायांवर उभे केले. ताकाची खासियत होती ती हात न टेकता वरच्या दोरावर उडी मारून तिथूनच रिंगबाहेर झेपावण्याची, तर तोगो हा जाडसर बांध्याचा, सगळ्यांना झेलणारा आणि लढतीला आकार देणारा भक्कम मल्ल. विजय सास्केच्या बाजूचा झाला. अमेरिकेतली या शैलीची एकच लढत दाखवायची झाली तर अनेक जण हीच काढतात, आणि ते योग्यच आहे.

डब्ल्यूडब्ल्यूएफने त्यानंतर लगेच हात पुढे केला. जुलै १९९७ मध्ये कॅल्गरीच्या कार्यक्रमात सास्के आणि ताका एकमेकांशी लढले आणि डिसेंबरमध्ये ताका कंपनीचा लाइट हेवीवेट विजेता झाला. पुढच्या वर्षी तोगो, टेरी बॉय आणि फुनाकी ‘काएन्ताई’ या नावाने आले. इतके चांगले तयार संघ हाती असताना कंपनीने त्यांना थिल्लर, अपमानकारक कथानकांत वापरले. तोगो आणि टेरी बॉय फार काळ थांबले नाहीत. महाराष्ट्रात केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ पाहत वाढलेल्या पिढीला ताका आणि फुनाकी आठवतात ते ओठ एका लयीत आणि आवाज भलताच अशा डब केलेल्या विनोदी भाषणांसाठी. त्यांतल्या ताकाने दोन-तीन वर्षांपूर्वीच फिलाडेल्फियात काय केले होते, हे कळायला आपल्याकडे कोणाला वावच नव्हता.

दरम्यान पुढची पिढी पुन्हा मेक्सिकोतच घडत होती. अमेरिकेच्या डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीत लढणाऱ्या अल्टिमो ड्रॅगनने नाउकाल्पान येथे ‘तोर्यूमोन’ ही प्रशिक्षणशाळा काढली आणि तिची पहिली तुकडी मे १९९७ मध्ये, म्हणजे ‘बेअर्ली लीगल’नंतर महिन्याभरात, रिंगमध्ये उतरली. जपानी मल्ल होऊ पाहणाऱ्यांना मोठ्या संस्था उंचीवरून नाकारत, आणि अशा अनेक मुलांना इथे दार उघडले. सिमा हे तिचे सर्वांत ठळक नाव. १९९९ मध्ये ही मंडळी जपानमध्ये आली आणि २००४ मध्ये अल्टिमो ड्रॅगनपासून वेगळी होऊन कोबे शहरातून ‘ड्रॅगन गेट’ या नावाने काम करू लागली. इथे सगळा कारभारच टोळ्यांचा होता. प्रत्येक मल्ल कुठल्या तरी संघाचा, संघांची वैरे, फाटाफूट, पुनर्रचना. त्यामुळे तिघातिघांची लढत ही त्यांची रोजची भाकरी होती.

३१ मार्च २००६ रोजी शिकागोजवळच्या शिकागो रिज येथे ‘रिंग ऑफ ऑनर’ या छोट्या अमेरिकन संस्थेने ‘सुपरकार्ड ऑफ ऑनर’ हा कार्यक्रम केला. दोनच दिवसांनी जवळच्याच रोझमाँटमध्ये ‘रेसलमेनिया २२’ हा डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम होता, त्यामुळे देशभरचे कट्टर चाहते शहरात होते. ड्रॅगन किड, गेंकी होरिगुची आणि र्‍यो साइतो यांचा ‘डू फिक्सर’ संघ सिमा, नारुकी दोई आणि मासातो योशिनो यांच्या ‘ब्लड जनरेशन’समोर उभा राहिला. वीस मिनिटांच्या त्या लढतीत पहिली काही मिनिटे जोड्या बदलत ओळख करून देण्यात जातात. योशिनोचे दोरांवरून परत येणे इतके वेगवान, की प्रेक्षकांतून आधी हशा आणि मग आरोळी उठते. दोईच्या सरपटत मारलेल्या लाथा, होरिगुचीची पाठीला पाठ लावून अचानक चितपट करण्याची सवय, सिमाचा उर्मटपणा, हे सगळे एकेक करून हाती दिले जाते. प्रत्येकाची एकेक खूण पक्की झाली की शेवटची पाच मिनिटे सहाही जण एकमेकांचे डाव तोडत राहतात, आणि अनोळखी असलेले सहा चेहरे तोवर ओळखीचे झालेले असतात. डू फिक्सर जिंकले. डेव्ह मेल्त्झर या पत्रकाराने लढतीला पाच तारे दिले आणि त्याच्या ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’च्या वाचकांनी ती वर्षातली सर्वोत्तम लढत ठरवली. अमेरिकेतल्या एका छोट्या संस्थेच्या कार्यक्रमात, स्थानिक मल्ल एकही नसलेल्या लढतीला हा मान मिळाला, ही मोठीच गोष्ट होती.

यातून येणे-जाणे वाढले. शिंगो ताकागी त्या वर्षी अमेरिकेतच राहून लढला, आणि मार्च २००७ मध्ये त्याने दोईसोबत रिंग ऑफ ऑनरचे टॅग टीम विजेतेपद थोड्या काळासाठी मिळवले. २५ जुलै २००९ रोजी फिलाडेल्फियातून ‘ड्रॅगन गेट यूएसए’ ही स्वतंत्र संस्थाच सुरू झाली. गेब सपॉल्स्की तिचे सूत्रधार. पहिल्याच रात्री सिमा आणि सुसुमु योकोस्का यांची गाठ ‘यंग बक्स’ या कॅलिफोर्नियाच्या भावांशी पडली. २०११ मध्ये संस्थेचे टॅग टीम विजेतेपद सुरू झाले तेव्हा पहिले विजेते ठरले सिमा आणि अमेरिकन रिकोशे. इथवर शैली पाहुण्यांची राहिली नव्हती. अमेरिकन मल्ल तिच्यात मिसळून गेले होते. संस्था पुढच्या काही वर्षांत मावळली. जपानहून दर वेळी आठ-दहा माणसे आणण्याचा खर्च छोट्या हॉलांच्या तिकिटांतून निघणे अवघडच होते.

याच सुमारास चिकारा या पेनसिल्व्हेनियातल्या संस्थेच्या तिघातिघांच्या वार्षिक स्पर्धेत सास्के, तोगो आणि जिन्सेई शिन्झाकी २०११ मध्ये आले, तर २०१२ मध्ये मेइको सातोमुराच्या नेतृत्वाखाली ‘सेंदाई गर्ल्स’चा संघ उतरला.

आज अमेरिकन दूरचित्रवाणीवर टाळीच्या नियमाकडे सर्रास काणाडोळा होतो आणि टॅग टीम लढतींचा शेवट चौघे किंवा सहा जण एकाच वेळी रिंगमध्ये असताना होतो. ही सवय लावण्यात या सगळ्या मंडळींचा मोठा वाटा आहे. तिचा तोटाही आहे. टाळीची ओढच नाहीशी झाली की प्रेक्षकाने श्वास कुठे रोखायचा हे कळेनासे होते, आणि मिचिनोकू किंवा ड्रॅगन गेटच्या मल्लांनी जी ओळख करून देण्याची मेहनत घेतली, ती वगळून नुसते डाव रचणारे संघही पुष्कळ झाले. २०१९ मध्ये यंग बक्स जिच्या संस्थापकांत होते ती एईडब्ल्यू ही अमेरिकन कुस्ती कंपनी सुरू झाली. २५ मे २०१९ रोजी लास वेगासमध्ये झालेल्या ‘डबल ऑर नथिंग’ या तिच्या पहिल्या कार्यक्रमात दोन लढती तिघातिघांच्या होत्या. एकीत सिमा आपल्या टी-हॉक आणि एल लिंडामन या साथीदारांसह उतरला. दुसरीत रिहो, हिकारू शिदा आणि र्‍यो मिझुनामी यांच्यासमोर आजा काँग, एमी साकुरा आणि युका साकाझाकी, अशा सहाही जणी जपानी होत्या.