हॅलोजनयुक्त लहान रेणूंचे प्रकाशविघटन

क्लोरिन, ब्रोमीन, आयोडीन यांसारखे हॅलोजन अणू असलेला लहान रेणू अतिनील किरण शोषून फुटतो, त्या क्रियेला प्रकाशविघटन म्हणतात. तुकडे बहुधा मुक्त मूलके असतात, म्हणजे एकेकटा इलेक्ट्रॉन बाळगणारे आणि दिसेल त्याच्याशी विक्रिया करणारे.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांतील उघडे तरणतलाव हे याचे रोजचे उदाहरण. तलाव सांभाळणारे अनुभवी लोक पातळ क्लोरिन दिवेलागणीनंतर ओततात. सकाळी नमुन्याच्या नळीत तपासणीचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. एप्रिलच्या कडक उन्हानंतर दुपारी तेच थेंब जेमतेम रंग धरतात. पाण्यात क्लोरिन ज्या रूपांत असतो त्यांतला एक, हायपोक्लोराइट आयन, 290 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो. या तरंगलांबीपासून पुढचे थोडे अतिनील किरण जमिनीपर्यंत पोहोचतात, त्यामुळे काही तासांतच बराचसा क्लोरिन संपतो. सायन्युरिक आम्ल घातल्यास क्लोरिन त्याच्याशी बांधला जातो आणि ऊन त्याला कमी लागते.

प्रकाशकणाची ऊर्जा बंधाच्या ऊर्जेपेक्षा जास्त असली की रेणू फुटणार, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. जुन्या फ्रिजमधील सीएफसी-12 या वायूतला कार्बन-क्लोरिन बंध तोडायला मोलमागे साधारण 340 किलोज्यूल लागतात. 310 नॅनोमीटरच्या किरणात सुमारे 386 किलोज्यूल असतात आणि असे किरण ठाण्याच्या उन्हातही आहेत. तरी तो वायू इथे फुटत नाही, कारण ही तरंगलांबी तो शोषतच नाही. त्याला 220 नॅनोमीटरच्या खालचे किरण हवेत आणि ते ओझोन व ऑक्सिजन वरच अडवतात. म्हणून नेरुळच्या गल्लीत फ्रिजमधून निसटलेला वायू अनेक वर्षांनी स्थितांबरात, म्हणजे ओझोनच्या थराच्या उंचीवर, चढतो आणि तिथे तुटतो. सरासरी आयुष्य सुमारे शंभर वर्षे. सुटलेला क्लोरिन अणू ओझोनचे रेणू एकामागून एक मोडत राहतो आणि स्वतः मात्र शिल्लक उरतो. मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनी ही साखळी 1974 साली मांडली. 1995 मध्ये पॉल क्रुट्झन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

मिथिल आयोडाइडची गोष्ट नेमकी उलटी. त्याचे शोषण 260 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असले, तरी 300 च्या पुढेही थोडे शिल्लक असते. त्यामुळे समुद्रातून हवेत आलेला हा रेणू काही दिवसांतच फुटतो. प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन आयोडीनवरून बंधविरोधी, म्हणजे बंध कमकुवत करणाऱ्या, कक्षेत जातो आणि बंध सेकंदाच्या दहा लाख-कोटीव्या भागाहूनही कमी वेळात तुटतो. हिशेबही चोख लागतो: 260 नॅनोमीटरच्या किरणातून 460 किलोज्यूल आले, बंधासाठी सुमारे 240 गेले. उरलेल्यांतून बऱ्याचदा आयोडीन अणूच्या उत्तेजित अवस्थेला 91 लागतात. बाकीची बहुतांश तुकड्यांच्या वेगात जाते. संवेग सारखा असल्याने हलका मिथिल गट गतिज ऊर्जेचा जवळपास नऊ-दशांश वाटा घेतो. या उत्तेजित आयोडीनवर 1315 नॅनोमीटरचा लेसर चालतो. 1964 मध्ये कॅस्पर आणि पिमेंटेल यांनी तो दाखवला.

रेणूत दोन वेगळे हॅलोजन असले तर कमजोर बंधच आधी सुटेल, हेही गृहीत धरता येत नाही. ब्रोमोआयोडोमिथेनवर 210 नॅनोमीटरचा प्रकाश टाकल्यास कार्बन-आयोडीन बंध कमजोर असूनही प्रामुख्याने कार्बन-ब्रोमीन बंध तुटतो, कारण त्या तरंगलांबीला उत्तेजन ब्रोमीनच्या बाजूला होते. अशा प्रश्नांवर ठाणे खाडीच्या पश्चिम तीरावर, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही लेसरच्या साहाय्याने काम झाले आहे.

फ्ल्युओरीनची तऱ्हा निराळी. कार्बन-फ्ल्युओरीन बंध इतका घट्ट की स्थितांबरातले किरणही सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. नव्या एसीतल्या आर-32 या वायूमध्ये क्लोरिन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. हवा तापवण्याचा दोष मात्र त्यालाही आहे.