हरकती व सूचना: राज्याच्या नियमनिर्मितीत जनतेला बोलण्याचा अधिकार कुठून आला

विधानमंडळ कायदा करते, परंतु माणसाच्या रोजच्या व्यवहाराशी भिडतात ते त्या कायद्याखाली शासनाने, महापालिकेने किंवा आयोगाने केलेले नियम. इमारतीभोवती किती जागा मोकळी सोडायची, विजेच्या युनिटला कोणत्या तत्त्वावर दर लावायचा, रिक्षाचा परवाना कोणत्या अटींवर द्यायचा, यांची उत्तरे मूळ कायद्यात क्वचितच सापडतात. ती राजपत्राच्या भाग चार-ब सारख्या पानांवर सापडतात, आणि ती कायम होण्यापूर्वी कधी कधी त्याच पानांवर प्रारूप म्हणून छापली जातात. खाली ठरलेल्या साच्यातले वाक्य असते: अमुक तारखेला किंवा त्यानंतर हे प्रारूप विचारात घेतले जाईल आणि तोपर्यंत आलेल्या हरकती व सूचनांचा शासन विचार करील. या एका वाक्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही समजून घेतल्याशिवाय हरकत कशी नोंदवावी हे नीट कळत नाही.

या वाक्याचा उगम १८९७ च्या केंद्रीय सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये आपला स्वतंत्र अधिनियम केला. त्याच्या कलम २४ मध्ये तीच रचना आली आणि तोच अधिनियम आज महाराष्ट्राचा म्हणून लागू आहे. रचना साधी आहे. ज्यांच्यावर परिणाम होण्याचा संभव आहे अशांच्या माहितीसाठी प्रारूप प्रसिद्ध करायचे, ते विचारात घेण्याची तारीख सांगायची, त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या आणि मग नियम करायचा. परंतु याच कलमात दोन गोष्टी अशा आहेत की त्यांनी पुढचा सारा इतिहास घडवला. पहिली म्हणजे हे कलम आपोआप लागू होत नाही. मूळ कायद्याने नियम करण्याचा अधिकार देताना ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून’ असे म्हटले असेल तरच ते लागू होते. दुसरी म्हणजे पूर्वप्रसिद्धीनंतर केल्याचे सांगणारा नियम राजपत्रात छापून आला की तो रीतसर झाल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. विचार करण्याचे बंधन शासनावर आहे, पण विचार केला का, काय केला आणि हरकत का फेटाळली हे सांगण्याचे बंधन या कलमात नाही. परकीय राजवटीने आपल्या सोयीसाठी आखलेली ही चौकट स्वातंत्र्यानंतरही जवळपास जशीच्या तशी राहिली, ही मला या इतिहासातली सर्वांत खेदाची बाब वाटते.

ब्रिटनमध्ये १८९३ च्या कायद्याने काही प्रकारच्या नियमांसाठी किमान ४० दिवसांची पूर्वसूचना सक्तीची केली होती. १९४६ मध्ये तेथील संसदेने तो कायदा रद्द करून नवी पद्धत आणली आणि पूर्वसूचनेची ती सर्वसाधारण सक्ती संपली. त्याच वर्षी अमेरिकेने संघराज्य पातळीवर प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा करून अगदी उलट दिशा धरली: प्रस्तावित नियमाची सूचना, लेखी म्हणणे मांडण्याची संधी आणि अंतिम नियमासोबत त्यामागच्या भूमिकेचे निवेदन. तेथील राज्यांनीही पुढे आपापले कायदे केले. भारताने यांपैकी कोणताच रस्ता पूर्णपणे घेतला नाही. आपल्याकडे सगळ्या नियमांना लागू होईल असा एक कायदा नाही, प्रत्येक मूळ कायद्यात त्या शर्तीचे शब्द आहेत की नाहीत यावर सारे अवलंबून राहते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ते आहेत, म्हणून वाहतुकीच्या नियमांची प्रारूपे छापून येतात. जेथे ते नाहीत, तेथे नागरिकाला थेट कायम झालेला नियमच हाती पडतो. न्यायालयांनीही ही पोकळी भरून काढलेली नाही. औषधांच्या किमतींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केले की किंमत ठरवणे हे सर्वसाधारणपणे कायदा करण्याच्या स्वरूपाचे काम आहे आणि कायद्याने सांगितले नसेल तर त्यासाठी सुनावणीचा हक्क मागता येत नाही.

कायद्याने सांगितले असेल, तेव्हा मात्र चित्र बदलते. गुजरातच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्यात बाजाराच्या यादीत नवा शेतमाल घालण्याच्या अधिसूचनेसाठी दोन ठिकाणची प्रसिद्धी सांगितली होती: राजपत्रात आणि त्या भागात खप असलेल्या गुजराती वृत्तपत्रात. गोध्र्यात १९६८ च्या अधिसूचनेने आल्याचा समावेश झाला, राजपत्रात तो छापलाही गेला, पण गुजराती वृत्तपत्रात आला नाही. परवान्याशिवाय आले खरेदी केल्याबद्दल एका व्यापाऱ्यावर खटला भरला गेला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १९७५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की वृत्तपत्रातली प्रसिद्धी ही मर्जीची बाब नसून सक्तीची आहे, ती न झाल्याने अधिसूचना आल्यापुरती लागूच होत नाही आणि म्हणून शिक्षाही टिकत नाही. शेतकरी आणि छोटा व्यापारी राजपत्र वाचत नाही, तो आपल्या भाषेतले वर्तमानपत्र वाचतो, हा व्यवहार या निकालाच्या मुळाशी आहे. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांचे बाजार समिती कायदे जुन्या मुंबई राज्याच्या एकाच कायद्याचे वारस असल्याने हा धडा आपल्यालाही तितकाच लागू पडतो.

महाराष्ट्रात ‘हरकती व सूचना’ हे शब्द घराघरांत पोहोचले ते मात्र नगररचनेमुळे. मुंबईचा १९१५ चा नगररचना कायदा हा देशातला या विषयावरचा पहिला कायदा. त्यानंतर १९५४ चा कायदा आला आणि शेवटी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. या शेवटच्या कायद्याने विकास आराखडा आणि त्यासोबतची विकास नियंत्रण नियमावली यांच्यासाठी पूर्वप्रसिद्धीच्या पुढची पायरी घातली. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि मुदतीत आलेल्या हरकती कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे जातात. या समितीत स्थायी समितीचे सदस्य आणि शासनाने नेमलेले जाणकार एकत्र बसतात. ज्याने हरकत घेतली आणि सुनावणी मागितली, त्याला समितीपुढे उभे राहून बोलता येते. मंजुरीच्या टप्प्यावर शासनाला भरीव स्वरूपाचे बदल करायचे असतील तर त्या बदलांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. पुढे मंजूर आराखड्यात किंवा नियमावलीत फेरफार करायचा झाला तर कलम ३७ ची नोटीस निघते.

या तरतुदींचे खरे वजन अलीकडच्या दोन आराखड्यांत दिसले. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती आल्या. त्यांची सुनावणी आणि त्यानंतरचा वाद इतका लांबला की २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा आला. त्यात वारसा वास्तूंच्या नोंदी गळाल्या होत्या, उभ्या इमारतींवरून रस्ते आखले गेले होते आणि आरे वसाहतीची जमीन विकासासाठी खुली दाखवली होती. रहिवासी संघटना, वास्तुरचनाकार, कोळीवाड्यांतले लोक यांनी नकाशे हातात घेऊन एकेक चूक लेखी दाखवून दिली. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो प्रारूप आराखडा रद्द करून सुधारित आराखडा तयार करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. ‘हरकत घेऊन काय होते’ असे विचारणाऱ्याला या घटनाक्रमातच उत्तर सापडते.

याच शहरात उलट उदाहरणही आहे. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या नियमावलीतील नियम ५८ ने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये या नियमात फेरफार झाला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. विधानमंडळात नवा कायदा झाला नाही, बदलला तो नियमातला मजकूर. त्या बदलाचा अर्थ शहराला खऱ्या अर्थाने उमगला तो प्रकरण न्यायालयात गेल्यावर. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा नियम कायम केला. नियमातल्या चार शब्दांवर वेळेत नजर पडली नाही तर काय हातचे जाते, याचे लालबाग-परळइतके मोठे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

नियमनिर्मितीतल्या लोकसहभागाला सर्वांत भक्कम पाया मिळाला तो वीज क्षेत्रात, आणि त्याला दाभोळ वीज प्रकल्पाच्या अनुभवाची पार्श्वभूमी होती. १९९० च्या दशकात या प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी झालेला वीज खरेदी करार बंद दाराआड ठरला आणि त्याचा बोजा किती हे जनतेला उशिरा कळले. पुण्याच्या प्रयास या संस्थेने त्या कराराचे आकडे तपासून लोकांपुढे मांडले होते. १९९८ च्या केंद्रीय कायद्याखाली ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि दर ठरवण्याचे काम मंत्रालय व राज्य वीज मंडळ यांच्या हातून निघून जाहीर सुनावणीत आले. पहिल्याच सुनावण्यांत मंडळाला आपले आकडे टेबलावर मांडावे लागले आणि शेतीच्या नावावर दाखवलेल्या विजेचा मोठा हिस्सा प्रत्यक्षात गळती व चोरी होता, हे उघड होत गेले. वीज अधिनियम, २००३ ने हा पाया आणखी पक्का केला. कलम १८१ ने राज्य आयोगाच्या सर्वच विनियमांना पूर्वप्रसिद्धीची शर्त घातली. कलम ९४ ने ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार आयोगाला दिला आणि त्यानुसार प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, विदर्भ आणि ठाणे-बेलापूर येथील उद्योजक संघटना यांना प्राधिकृत प्रतिनिधी म्हणून मान्यता मिळाली.

आयोगाच्या दर आदेशाचे एखादे प्रकरण उघडून पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. आधी हरकत काय होती ते, मग वितरण कंपनीचे उत्तर आणि त्याखाली आयोगाचा निर्णय, असा क्रम प्रत्येक मुद्द्यासाठी पाळलेला असतो. सुनावण्या मुंबईपुरत्या नसतात, नागपूर, अमरावती, नाशिक, पुणे अशा ठिकाणीही त्या झाल्या आहेत. पिठाच्या गिरणीचा मालक, यंत्रमागधारक, कृषिपंपाचे बिल घेऊन आलेला शेतकरी असे लोक तेथे बोलतात. हरकत मान्य होतेच असे नाही, पण ती फेटाळताना कारण द्यावे लागते, आणि लेखी कारण असेल तर वरच्या न्यायाधिकरणापुढे त्याला आव्हान देता येते. १८९७ च्या चौकटीत नेमकी हीच गोष्ट नव्हती. पाण्याच्या बाबतीत २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने लाभधारक जनतेची मते अजमावूनच पाणीपट्टीचे निकष ठरवावेत असे सांगितले, पण वीज आयोगाइतकी घट्ट शिस्त तेथे रुजली असे म्हणता येत नाही.

केंद्राच्या पर्यावरणविषयक नियमांतून दोन प्रश्न पुढे आले आणि दोन्ही आपल्या घाटमाथ्याशी जोडलेले आहेत. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तो केंद्र सरकारने सुरुवातीला जाहीरच केला नाही, माहिती अधिकाराच्या लढाईनंतर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. स्थानिक भाषेत ग्रामसभांपुढे चर्चा व्हावी, हा त्या समितीचा आग्रह होता. पुढे पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची पहिली प्रारूप अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली आणि अंतिम निर्णय न झाल्याने प्रारूपाची मुदत संपत, ती पुन्हा पुन्हा निघत, जुलै २०२४ मध्ये सहावी प्रारूप अधिसूचना आली. दरवेळी ६० दिवसांत हरकती मागवल्या गेल्या. दुसरा प्रश्न भाषेचा. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची २०२० ची प्रारूप अधिसूचना टाळेबंदीच्या काळात हिंदी व इंग्रजीतच आली. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतराचा आदेश दिला. केंद्राने त्या आदेशाला विरोध केला, तरी लाखोंच्या संख्येने हरकती पोहोचल्या. ज्या खाणीमुळे कोकणातले किंवा गोव्यातले गाव बदलणार आहे, त्या गावाला मसुदा मराठीत किंवा कोकणीत वाचायला मिळणे ही कृपा मानली जाऊ नये.

फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्राने विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण जाहीर केले. कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावेत, असे ते सांगते. ते धोरण आहे, कायदा नाही, आणि ते केंद्रीय मंत्रालयांसाठी आहे. मे २०१६ मध्ये दूरसंचार प्राधिकरणाने कॉल तुटल्याबद्दल घातलेली भरपाई रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने, अमेरिकेच्या धर्तीवर नियमनिर्मितीत पारदर्शक सल्लामसलत सक्तीची करणारा कायदा संसदेने करावा, अशी सूचना केली. तसा कायदा अजून झालेला नाही.

आज महाराष्ट्रातला नागरिक हरकत नोंदवतो ती या मिश्र वारशात. म्हणून प्रारूप हाती आले की प्रथम त्याच्या मथळ्यात कोणत्या कायद्याचे कोणते कलम दिले आहे ते पाहावे, कारण सुनावणीचा हक्क आहे की फक्त लेखी म्हणणे मांडता येते हे तेथे ठरते. नियमाचा क्रमांक लिहून, आक्षेप आणि पर्यायी शब्दरचना दोन्ही द्यावी, नियोजन समितीसारख्या ठिकाणी सुनावणी हवी असल्याचे अर्जातच नमूद करावे आणि आवक शिक्क्याची पोच जपून ठेवावी. अंतिम नियम निघाल्यावर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ कडे बोट दाखवता येते, कारण महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे देणे हे त्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणावर टाकलेले कर्तव्य आहे. आलेल्या हरकतींचा गोषवारा आणि त्यावरच्या टिपण्या असलेली नस्ती (फाईल) याच कायद्याखाली मागता येते. राजपत्रातील छपाईला कायद्याने निर्णायक पुराव्याचे स्थान दिले असताना, हरकतींचा विचार खरोखर झाला होता का हे तपासण्यासाठी नागरिकाच्या हाती ती पोच आणि ती नस्ती एवढीच कागदपत्रे उरतात.