पोलादी काडतूस आणि पितळेचा इशारा

गोव्यात वाळपईच्या पुढे आमच्या ओळखीच्या एका काकांचं कुळागर आहे. माड, पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी. रानडुकरांच्या उपद्रवामुळे त्यांच्याकडे पीक-संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. गेल्या खेपेला त्यांनी एक रिकामं काडतूस माझ्या हातावर ठेवलं: लाल प्लास्टिकची नळी आणि बुडाला पिवळी वाटी. मी लोहचुंबक जवळ नेला, तर वाटी टक्कन चिकटली.

"हें पितळ न्हय?" काका चकित झाले.

वरून पितळेचा पातळ मुलामा आणि आत पोलाद. बारा बोअरला ते सहज चालतं, कारण त्या काडतुसात दाब फार नसतो. घरच्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब असतो. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाची मर्यादा ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड), म्हणजे त्याच मापात सुमारे ८०० किलो. रायफलीची गोष्ट निराळी आहे. .३०८ विंचेस्टर या जुन्या, सर्वपरिचित काडतुसाची मर्यादा ६२,००० पीएसआय, म्हणजे सुमारे ४,३५० किलो. आता अमेरिकेत ८०,००० पीएसआयची, म्हणजे ५,६०० किलोंवर जाणारी काडतुसं आली आहेत. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल समुद्राच्या, मारियाना गर्तेच्या तळाशी जो दाब असतो, त्याच्या पाचपट. हा दाब पितळेला पेलत नाही, म्हणून तिथे पोलाद आलं.

पण पितळ मुळात का निवडलं गेलं, ते आधी बघू. काडतुसाच्या कवचासाठी ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं पितळ वापरतात. बार उडतो तेव्हा जेमतेम एका मिलिसेकंदात कवचाला दोन उलटी कामं करावी लागतात. आधी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीच्या, भिंतीला घट्ट चिकटायचं, म्हणजे तापलेला वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. मग दाब उतरताच किंचित आकसायचं, म्हणजे रिकामं कवच अडकून न बसता बाहेर येतं. पोलाद पितळेपेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ असतं. त्यामुळे साधं, मऊ पोलाद ताणल्यावर फारसं मागे येत नाही आणि चेंबरमध्ये रुतून बसतं. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा जर्मनीने लाखेसारखा लेप दिलेली पोलादी कवचं वापरली, सोव्हिएत रशियानेही पोलादाचाच रस्ता धरला. एके-४७ च्या काडतुसाला जी चांगली ठळक निमुळती ठेवण आहे, तिच्यामुळे असं कवच सुटायला मदत होते. ते सगळं पोलाद टंचाईमुळे आणि स्वस्ताईसाठी होतं, जास्त दाबासाठी नव्हतं. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पितळही सर्वगुणसंपन्न नाही, आणि त्याचा एक दोष उघडकीला आला तो आपल्याच पावसाळ्यात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं चार महिने घोड्यांच्या पागेत ठेवली जात. पाऊस सरल्यावर बघावं, तर कवचांना, विशेषतः गोळी जिथे आवळून बसवलेली असते तिथे, भेगा. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि कवच घडवताना धातूत अडकून राहिलेला ताण, या तिघांचा हा प्रताप. याला सीझन क्रॅकिंग म्हणतात. १९२१ मध्ये त्याचा नीट उलगडा झाला. कवच हलकं तापवून आतला ताण मोकळा करणं, हा त्यावरचा इलाज.

आता नव्या काडतुसांकडे येऊ. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने नव्या रायफलीसाठी सिग सॉअर कंपनीची निवड केली. तिच्या ६.८×५१ मिमी काडतुसाचं बूड स्टेनलेस पोलादाचं, अंग पितळेचं आणि दोन्ही आतून जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची कडी आहे. ही विभागणी मला फार आवडते. दाबाखाली पहिल्यांदा हार मानतं ते बूड, कारण तिथे चेंबरच्या भिंतीचा आधार पूर्ण नसतो. फुगून आकसायचं काम मात्र अंगाचं. ज्याला जे जमतं ते त्याला दिलं. फेडरल कंपनीने २०२५ च्या सुरुवातीला आणलेल्या ७ मिमी बॅककंट्रीमध्ये अख्खं कवचच खास मिश्रधातूच्या पोलादाचं आहे. हे पोलाद इतकं मजबूत की ताणल्यावरही ते लवचीकतेच्या हद्दीतच राहतं, म्हणून मागे येतं. फायदा असा की आखूड नळीतूनही लांब नळीचा वेग मिळतो आणि पुढे सायलेन्सर लावला तरी रायफल बोजड होत नाही.

याची किंमत कोण मोजतं? आधी नळी. जास्त दाब, जास्त उष्णता; गोळी जिथून नळीत शिरते तो घसा लवकर झिजतो. पण मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. पितळ हा साखळीतला कमजोर दुवा होता आणि म्हणूनच तो इशारा द्यायचा. दाब मर्यादेबाहेर गेला की बुडातली ठिणगी देणारी टोपी चपटी होते, बुडावर चकाकता ओरखडा उमटतो, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट उचलायला जड जातो. घरी काडतुसं पुन्हा भरणारे नेमबाज याच खुणा वाचत आले. पोलादी बूड या खुणा लवकर दाखवत नाही. ते तग धरतं आणि ताण पुढे जातो तो बोल्टच्या खुंट्यांवर. .३०८ च्या मापाच्या बुडावर ८०,००० पीएसआय म्हणजे बोल्टला मागे सुमारे सहा टनांचा धक्का. त्यासाठी घडवलेली रायफल तो घेईल. जुन्या रायफलीचं चेंबर कोरून त्यात असं काडतूस बसवणं म्हणजे कुकरची सेफ्टी प्लग बुजवून गॅस मोठा करणं.

आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे आणि काकांच्या बारा बोअरचा या काडतुसांशी काडीचाही संबंध नाही. तरी एक नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे: काडतुसाच्या बुडावरचा ठसा आणि नळीवरचा ठसा जुळल्याशिवाय चेंबर बंद करायचं नाही. नुसतं आत बसतंय, हा पुरावा नव्हे. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकतं, मागून बारा बोअरचं भरलं जातं आणि नळी फाटते. हे घडलेलं आहे, म्हणून तर अमेरिकेत वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग ठरवून दिला.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, वाटी उजेडाकडे धरली आणि अंगठ्याने माती पुसून टोपीभोवतीचा आकडा वाचला. मग बंदूक आणायला ओसरीवरून आत गेले.