जुनी बाग आम्ही पाहण्याआधी साफ करू नका

जुन्या बागेच्या जीर्णोद्धाराचं काम आम्हाला द्यायचं ठरलं की बरेच ग्राहक आमच्या सोयीसाठी म्हणून एक गोष्ट हमखास करतात. रान काढतात, जमीन सपाट करतात, निखळलेले दगड कोपऱ्यात रचून ठेवतात. मग एका पाहणीत जे कळलं असतं, त्यासाठी ठिकठिकाणी चर खणावे लागतात. वेळ आमचा जातो, बिल तुमचं वाढतं.

बागेचा पूर्ण आराखडा कागदावर क्वचितच सापडतो. जमिनीत मात्र बरंच शिल्लक असतं. वीतभर मातीखाली वाफ्याच्या कडेचे दगड जागेवर असतात. पाट बुजला तरी तळाचा उतार राहतो, पाणी कुठून कुठे जायचं ते त्यावरून कळतं. गवत एका सरळ पट्ट्यात आधी वाळत असेल, तर खाली फरसबंदी किंवा पाया असण्याची दाट शक्यता. रानातच ओळीने उगवणारे कंदसुद्धा कुणीतरी लावलेले असतात. जेसीबीच्या एका फेऱ्यात हे सगळं जातं.

इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्याची प्रिव्ही गार्डन, म्हणजे राजाची खासगी बाग, 1995 मध्ये तिच्या 1702 च्या रूपात पुन्हा उभी राहिली, ती जुन्या नोंदी आणि उत्खननात सापडलेल्या वाफ्यांच्या खुणा यांच्या जोरावर.

“एवढा अभ्यास कशाला, चार गुलाब लावून द्या,” असंही ऐकतो. गुलाब कुणीही लावेल. ऐतिहासिक बागांच्या जतनासाठीच्या 1981 च्या आंतरराष्ट्रीय फ्लॉरेन्स सनदेत अशा बागेला जिवंत स्मारक म्हटलंय, आणि सखोल संशोधनाशिवाय जीर्णोद्धार करू नये असंही. नंतरच्या पिढ्यांनी घातलेली भरही त्या बागेचाच इतिहास. म्हणून एखादं डेरेदार झाड ‘मूळचं नाही’ एवढ्याच कारणाने आम्ही तोडत नाही. यावर वाद होतात, होऊ देत.

धोकादायक फांदी जरूर उतरवा, पण आधी फोटो काढा आणि खुंट उपटू नका. घरातले जुने फोटो, रोपांच्या पावत्या, माळ्यांच्या पगाराच्या वह्या काढून ठेवा. जुने माळी हयात असतील तर पाहणीच्या दिवशी त्यांना आवर्जून बोलवा.

पाहणीनंतर तुम्हाला नकाशा, झाडांची यादी आणि कामांचा क्रम लेखी मिळतो. पुढची देखभाल तुमच्या माळ्याकडून करून घ्या किंवा आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर द्या. पाहणीला कोरड्या दिवसांत बोलावलंत तर उत्तम, गवतावरच्या खुणा तेव्हाच नीट दिसतात.