उभं विमान आणि वळवाचा वारा

एप्रिल-मेच्या दुपारी सातारा-सांगलीकडे हवा कोंडते, आभाळ काळवंडतं आणि पावसाआधी धुळीचा लोट येतो. क्षणात गोठ्यावरचे पत्रे उडतात. पत्र्यावरून वेगाने वाहणारी हवा वर ओढ निर्माण करते, शिवाय खालून शिरलेला वारा त्याला रेटतो. विमानाचा पंख तर याच कामासाठी घडवलेला असतो. कराडच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या छोट्या विमानाला आपण थांबलो आहोत हे कळत नाही. पंखावरून पुरेसा वारा गेला की तो उचलायला लागतो.

प्रशिक्षणासाठी जगभर वापरलं जाणारं सेस्ना १५२ घ्या. रिकाम्या विमानाचं वजन सुमारे ५०० किलो, पंखांचं क्षेत्रफळ जवळपास १५ चौरस मीटर. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २० नॉटचा वारा ४० नॉट झाला की जोर चौपट. ४० नॉट म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात नाक वर उचललं गेलं, तर पंखांची उचल विमानाच्या रिकाम्या वजनाच्या घरात जाते. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. तशा मोठ्या पवनचक्क्या साधारणपणे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वाऱ्याला बंद होतात आणि पाती वळवून वाऱ्याचा जोर सोडून देतात. विमानाच्या पंखाला ती सोय नाही, आणि त्याच्यावरचं संकट ९० च्या बरंच आधी सुरू होतं.

वळवाचा खरा धोका त्याच्या दिशेत आहे. ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. हा लोंढा पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावतो, आणि तो पोचला की मिनिटभरात वारा उलट्या बाजूने वाहू शकतो. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा त्या मानाने सरळ, नाक त्याच्याकडे करून ठेवता येतं. वळवात सकाळी वाऱ्याकडे केलेलं नाक दुपारी वाऱ्याकडे पाठ करून उभं असतं. वातदर्शक कापडी नळीवर फार विसंबू नये. अनेक धावपट्ट्यांवरची नळी १५ नॉटलाच पूर्ण आडवी होते, त्यापुढे १५ आणि ४० तिला सारखेच. अंगाला अचानक गार झुळूक लागली किंवा क्षितिजावर धुळीची भिंत दिसली, तर बांधायला दहा मिनिटंसुद्धा मिळतील असं धरू नये.

बांधायचं तीन ठिकाणी: दोन्ही पंखांखालच्या कड्या आणि शेपटाची कडी. पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याला दोरी बांधू नये, तो वाकतो. सेस्नाच्या पुस्तिकेत प्रत्येक दोरी किंवा साखळी किमान ३२० किलो ताण सोसणारी हवी असं म्हटलं आहे. जमिनीतली कडी मात्र त्याहून कितीतरी भक्कम हवी; एका इंजिनाच्या विमानासाठी प्रत्येक कडीने सुमारे १३६० किलो ओढ सोसावी, असा अमेरिकी विमान प्रशासनाचा सल्ला आहे. वारा सलग ओढत नाही, हिसके देतो, म्हणून हा फरक. आपल्याकडच्या काळ्या मातीत नुसता ठोकलेला खुंटा कोरड्यात घट्ट वाटतो आणि भिजल्यावर बैलानेही उपटावा इतका सैल होतो. कडी काँक्रीटमध्ये गाडलेलीच हवी.

दोरी नायलॉनची घ्यावी. घायपातासारखी नैसर्गिक धाग्याची दोरी भिजली की आखडते आणि पंख खाली ओढते, म्हणून तिला इंचभर सैल सोडावं लागतं. त्याहून जास्त सैल सोडलं तर विमान उसळून हिसका देतं. गाठ निरगाठच हवी, सुरगाठ हिसक्यांनी सुटते.

त्यानंतर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली उतरणाऱ्या झडपा) वर, चाकांना पुढून-मागून ठोकळे आणि हलत्या भागांना कुलूप. मोकळे राहिलेले एलेरॉन (पंखांच्या टोकांकडचे हलते भाग) आणि रडर (शेपटाचा उभा हलता भाग) मागून येणाऱ्या वाऱ्यात आपल्या अडसरांवर आपटत राहतात. बिजागऱ्या वाकतात, रिवेट ढिले होतात, आणि हे लांबून दिसत नाही. दारही हाताने धरूनच उघडावं. मागचा वारा ते हिसकावून बिजागरीसकट पुढे दुमडतो.

इंजिन चालू असताना वारा आला तर मागून तिरका येणारा सर्वांत वाईट. तीन चाकांची रिक्षा वळणावर जशी पुढचं चाक आणि बाहेरचं मागचं चाक यांना जोडणाऱ्या रेषेवर कलंडते, तसंच इथे होतं. वारा वाऱ्याकडचा पंख आणि शेपूट एकदम उचलतो. अशा वेळी योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातलं सुकाणू, पुढे ढकलायचा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला फिरवायचा, म्हणजे वाऱ्याकडचा एलेरॉन खाली जातो आणि मागून येणारी हवा त्या पंखाला दाबून धरते. समोरून तिरका वारा असेल तर योक वाऱ्याकडे, एलेव्हेटर (शेपटाचा आडवा हलता भाग) मध्यावर. झटक्यात ब्रेक किंवा थ्रॉटल नको. नाकावरचा पंखा जमिनीला लागला तर इंजिन उघडून तपासावं लागतं.

सभांच्या दिवसांत हेलिकॉप्टर येतात, त्यांचाही वारा हाच. जमिनीलगत तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरपासून त्याच्या पंख्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतर राखावं.

वादळ ओसरल्यावर प्रत्येक एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडर हाताने सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावा. कुठे अडकतो का, कुरकुरतो का, बिजागरीभोवतीचा रंग तडकला आहे का, हे बघावं. आणि कुलूप काढलंय ना, हे पुन्हा पाहावं. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोईंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर उड्डाण करताच कोसळलं, कारण हेच कुलूप काढायचं राहिलं होतं. त्या अपघातानंतर वैमानिकांच्या हाती तपासणी-यादी आली. कुलपाला लाल फीत बांधतात ती याचसाठी, लांबूनही नजरेत भरावी म्हणून.